पेडलमधे अडकलेले बूट

तुम्ही हसान, पण त्या दिवशी माह्या इज्जतीचा सवाल होता. रेसिंगची सायकल नवी घेतली होती. तिचे बूट पेडलमधे खटकन बसते अन् टाच बाहेर फिरवल्याशिवाय निघत नाही. मित्र म्हणे, "पाय नुसता दाबू नको बे, वर बी ओढ. गोल फिरव, मंग सायकल डोलत नाही."

जळगाव जामोदच्या रस्त्यानं तसेच पाय गोल फिरवून राह्यलो होतो. सायकल एकदम सरळ चाललेली. तेवढ्यात बसथांब्यावर सासरे दिसले, संग चार गाववाले. सासऱ्याले पाहून जवाई थांबला नाही तर गावभर बोभाटा. म्या ब्रेक दाबला, पण टाच फिरवाची राहूनच गेली. सायकल थांबली अन् मी हळूच, सायकलीसकट, त्याइच्या पायापाशी आडवा झालो.

सासरे गहिवरले. डोक्यावर हात ठेवून म्हणे, "असू द्या जवाईबुवा, नमस्कार घरी केला असता."

बूट अजून पेडलमधेच होते. म्या पडल्यापडल्याच हात जोडले.

तवापासून सासरे लहान्या जवायाले सुनावते, "मोठे जवाई पाहा, भर रस्त्यात लोटांगण घालते. तुम्ही नुसती मान हालवता."