गौरीच्या पोटातला चहा

कोऱ्या चहाला नाकं नका मुरडू, त्याच चहानं एकदा आमच्या गौरी गाईचं दुखणं शोधलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात चारा कमी पडला. माझी जाऊ म्हणाली, "माह्या बकऱ्या बाभळीच्या शेंगा खाऊन कशा टुणटुणीत आहेत पाह्य! गाईलेबी घाल." मी गौरीला रोज टोपलंभर शेंगा घालू लागले. आठ दिवसांत तिचं दूध आटलं. सासूबाईंना कोरा चहा घशाखाली उतरत नाही, अन् गाईचं चारापाणी माझ्याकडे, म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. शेंगांचं मी जावेशिवाय कोणालाच कळू दिलं नव्हतं.

शेवटी सौंसरहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्यापुढेही कोराच चहा गेला. घोट घेताच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"लय तुरट आहे, काकू."

"दूध असतं तर नसता लागला," सासूबाई म्हणाल्या. "पण गाय देऊन नाही राहिली."

"बरोबर. दुधातलं प्रोटीन अन् तुरटपणा एकमेकाले धरून बसते. गाईले काही तुरट खाऊ घातलं काय?"

मला सांगावंच लागलं.

डॉक्टर हसले. "बकरीले ते पचते, गाईले तेवढं नाही पचत. शेंगातला तुरटपणा चाऱ्यातलं प्रोटीन धरून बसते, अंगी लागू देत नाही. मूठभर घाला, टोपलंभर नको."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे हे गाय पोटातल्या पोटात दुधाचा चहा करून राहिली, अन् आपल्याले कोरा पाजून राहिली!"