चाळिसाव्या पानावरचा प्रश्न

नोवोसिबिर्स्कच्या पोस्टात माझ्यापुढे एक बाई होत्या, त्यांच्यापुढे जाड पाकीट कवटाळलेले आजोबा.

“आजोबा, तुम्ही रांगेतच ना? काय पाठवताय?”

“माझा सिद्धांत, विज्ञान अकादमीला. पृथ्वी आपल्याला ओढत नाही, बाई. सगळ्या अवकाशात भरलेला ईथर वरून दाबतो. प्रकाश म्हणजे त्याच ईथरच्या लाटा.”

“पहिल्यांदाच पाठवताय?”

“दहाव्यांदा. एकदाही उत्तर नाही.”

“म्हणजे कुणी वाचलंच नाही की!”

“रिम्मानं वाचलं, माझ्या बायकोनं. चाळिसाव्या पानावर पेन्सिलीनं विचारलंय, ‘एवढ्या ईथरातून फिरताना पृथ्वी दमत कशी नाही?’”

“मग? काय सांगितलंत?”

“उत्तर अजून सापडलं नाही. ती मार्चमध्ये गेली.”

“अरेरे! पण पाठवण्याआधी तो प्रश्न तरी खोडा.”

“अक्षर तिचं आहे.”

“पुढचे कोण?” खिडकीतून हाक आली.

“बाई, तुम्ही व्हा पुढे.” आजोबा पाकीट उघडून चाळिसावं पान शोधू लागले.