दोन्ही हातांनी फाईल

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना काचेच्या फटीतून रांगेतलं सगळं ऐकू यायचं. आज एक सुतार आणि त्याची मोठी बहीण नंबर यायची वाट बघत होते.

“अक्का, पोरीची निम्मी फी माफ केलीय या कॉलेजनं. आणखी कुठल्या तोंडानं मागू?”

“खुर्चीचा भाव कुठल्या तोंडानं सांगतोस?”

“ते माझं काम असतं.”

“हे पोरीचं काम आहे. गणितात पहिली आलीय. दुसऱ्या कॉलेजनं पाऊण फी माफ केलीय, त्याचं पत्र दाखवायचं आणि विचारायचं, तुम्ही किती करताय.”

“अर्जात मी माझ्या पाठीच्या दुखण्याचंही लिहिलंय.”

“ते पान मी काढून टाकलंय.”

“काढलंस?”

“पाठ तुझी, मार्क तिचे. ही खिडकी मार्कांची आहे. आणि ऐक, हात जोडायचे नाहीत.”

“सवयीनं जोडले जातात गं.”

“मग दोन्ही हातांनी फाईल धर.”

नंबर आला. सुतार छातीशी फाईल धरून खिडकीपुढे उभा राहिला.

“बोला.”

“मुलीचे मार्क पुन्हा एकदा बघा. आत दुसऱ्या कॉलेजचं पत्रही आहे. तिला इथंच शिकायचंय. तुम्ही किती करताय?”

बाईंनी काचेखालून हात पुढे केला.

“फाईल द्या.”

त्यानं वळून बहिणीकडे बघितलं, फाईल आत सरकवली आणि दोन्ही हात खिशात घातले.