पेन्सिलीचं टिंब

...नाही, माझं काही म्हणणं नाहीये! द्या, विनिताला फुलं द्या, टाळ्या वाजवा, मी कोण बोलणारा, चौदा वर्षांचा जुना कंपाउंडर! तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी तुळिंजला दोन खाटांवर हॉस्पिटल थाटलं तेव्हापासून मी त्यांच्याकडे, आणि ही फिजिओथेरपिस्ट येऊन जेमतेम तीन महिने... पण जाऊ दे, माझं काही म्हणणं नाही.

तर डॉक्टरांनी काढलं ट्रेनिंग. टीमवर्कचं! म्हणे दोन हजार दोन साल उजाडलं, जुन्या सवयी सोडा. डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, कंपाउंडर, सगळे गिरीजला एका वाडीत, केळींच्या सावलीत एकाच सतरंजीवर. मुंबईहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "आता डॉक्टर मुद्दाम एक चूक करतील. ज्याच्या लक्षात येईल त्यानं मोठ्यानं थांबा म्हणायचं."

आता मला सांगा, डॉक्टरांची चूक कुणी मोठ्यानं सांगतं? आमची पद्धत ठरलेली. चिठ्ठीत काही चुकलं, की मी तिथं पेन्सिलीनं बारीक टिंब करतो आणि चहाच्या बशीखाली घालून चिठ्ठी परत आत पाठवतो. डॉक्टर टिंब बघतात, दुरुस्त करतात, चहा पितात. पेशंटला पत्ता नाही. चौदा वर्षांत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही... अहो, नवरा-बायकोत नसेल इतका समजूतदारपणा!

तर मॅडमनी दिलेल्या खोट्या केसपेपरवर 'पेनिसिलिन चालत नाही', आणि डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं पेनिसिलिन. मी टिंब केलं, चिठ्ठी हळूच त्यांच्याकडे सरकवतोय, तोच ही बया, "थांबा सर!" झालं, टाळ्या, फुलं! आणि डॉक्टर इतके खूश, जशी काही घरची मुलगी मेडिकलला लागली. मला फूल सोडा, कधी नुसतं 'बरं केलंस' नाही. पण माझं काही म्हणणं नाही.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, तुमच्या नाही लक्षात आलं?" मी डॉक्टरांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी सांगतील. तर डॉक्टर वर केळीचा घड बघतायत! जळलो हो मी, आतून जळलो. आणि म्हटलं काय? "नाही आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी आली. तान्ह्या पोरीला मोठ्या माणसाचा डोस. पेन्सिल घातली खिशात, तरातरा आत गेलो आणि भरल्या पेशंटांत ओरडलो, "थांबा डॉक्टर!"

डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली. डोस खोडला. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले, कौतुकानं... चौदा वर्षांत पहिल्यांदा! म्हणाले, "शाब्बास शत्रुघ्न. एका दिवसात तयार केलं हां विनितानं तुला."

आणि लगेच बेल वाजवून तिला आत बोलावलं, तिचं अभिनंदन करायला.