सुकांतीनं घेतलेली परीक्षा

साहेब: म्हणजे प्रश्न एवढाच उरलाय की तुझी दुभाषाची परीक्षा घ्यायची कुणी. पुण्याहून फॅक्स आलाय, उडिया जाणणारा परीक्षक उपलब्ध नाही, स्थानिक पातळीवर सोय करावी.

दीक्षा: मग जाऊ का मी, साहेब? सणसवाडीवरनं शिरूरच्या कचेरीत ही तिसरी खेप हाय माझी.

साहेब: थांब, केलीय सोय. कारखान्यातल्या मुकादमाला म्हटलं, एक उडिया माणूस धाड. त्यानं ही बाई धाडली. हिला ना मराठी, ना हिंदी. नीट बोललीस हिच्याशी, तर तू सरकारमान्य दुभाषी. ठाण्यात, दवाखान्यात, सगळीकडं तुलाच बोलावणं.

दीक्षा: आत्ता बी मलाच बोलवत्यात की. चार वर्सं झाली.

साहेब: पण बिनसर्टिफिकेटची! बरं, भाषा कुठं शिकलीस?

दीक्षा: नळावर.

साहेब: काय?

दीक्षा: आमच्या आण्णांनी खोल्या भाड्यानं दिल्यात, समदी उडिया बिऱ्हाडं. पाण्याला नंबर लावता लावता आली.

साहेब: फॉर्मवर नळ लिहिता येत नाही. ‘स्वयंअध्ययन’ लिहितो. या बाईंना ओळखतेस?

दीक्षा: व्हय. सुकांती. हिचा नवरा प्रेस मशीनवर व्हता.

साहेब: चला, परकी नाही. विचार तिला, ही मुलगी तुमची भाषा कशी बोलते?

दीक्षा: माझ्याबद्दल मीच इचारू?

साहेब: मग कोण विचारणार? मला येत असती तर तुला कशाला बोलावलं असतं?

(दीक्षा उडियात विचारते. सुकांती बराच वेळ बोलते.)

साहेब: काय म्हणाली?

दीक्षा: म्हणती, चांगली बोलते. आमच्या गावच्या पोरीवानी.

साहेब: वा! उच्चार, दहापैकी नऊ. पण ती तर केवढं बोलली. एवढंच?

दीक्षा: न्हाई.

साहेब: मग सांग की. अर्धवट सांगून कसं चालेल?

दीक्षा: म्हणती, ‘ह्या पोरीनं मला खोटं सांगितलं. माझ्या नवऱ्याचा हात मशीनमधी सापडला. डाक्टर हिच्याशी बोलला. मी इचारलं, काय म्हणतोय? ही म्हणाली, टाके घालतील, चार दिसांत घरी सोडतील. मी खोलीवर भात शिजवाया गेले. डबा घिऊन आले, तर मनगटापास्नं हात न्हवता.’

साहेब: ही पोरगी म्हणजे तू?

दीक्षा: मीच.

साहेब: आणि डॉक्टर काय म्हणाला होता?

दीक्षा: हात काढावा लागंल. बाईला सांगा, आन् नवऱ्यापाशी थांबू द्या.

साहेब: शब्द माहीत नव्हता का तुला?

दीक्षा: व्हता. लई सोपा शब्द हाय. पण हिला सातवा महिना, आन् ही माझ्या तोंडाकडं बघत उभी. टाकेच आलं तोंडात.

साहेब: अगं, मग आत्ता तरी कशाला बोललीस? मला काय कळणार होतं? ‘चांगली बोलते’वर थांबायचं!

दीक्षा: ती म्हणाली, तुझ्या साहेबाला हे बी सांग.

साहेब: आता आली का पंचाईत! उच्चार, आकलन, वेग एवढेच रकाने आहेत. हे कशात बसवू?

दीक्षा: यादीतनं माझं नाव काढून टाका.

साहेब: म्हणजे पुन्हा जाहिरात, पुन्हा पुणं, पुन्हा फॅक्स. त्यापेक्षा तिलाच विचार, पास की नापास.

दीक्षा: ...इचारलं.

साहेब: मग?

दीक्षा: म्हणती, पास करा. आमाला दुसरं हाय कोण?

साहेब: मिटलं. शेरा, ‘समाधानकारक’. परीक्षक म्हणून तिचा अंगठा घे इथं. आणि हे बघ, तिला म्हणावं, नवऱ्याच्या हाताचं ऐकून साहेबांना वाईट वाटलं.

दीक्षा: सांगते.

साहेब: ...झालं? एवढ्याशा वाक्याला केवढा वेळ लावलास.

दीक्षा: तुमचं कवाच सांगून झालं, साहेब. मंग माझं बी सांगितलं, त्या दिशी टाके का म्हणाले ते.

साहेब: काय म्हणाली?

दीक्षा: इचारती, अंगठा कुठं लावू?