नजरेचं माप

हात कशाला वर करतो बेटा, घे खाली — गयास मास्टरच्या दुकानात टेप नाय. राजेंद्रनं, तुझ्या वडलांनी सांगितलं असंलच ना? व्हय, त्याच्या लग्नाचा सूट मीच शिवला, नुसता नजरंनं. अख्ख्या गुलमंडीत विचार. चहावाला माझा कप दोनदा विसळतो. स्थळ बघायला लोक मला सोबत नेतात — मास्टर, पोरगा खरंच पाच-आठ हाय का, तुम्हीच सांगा! गारखेड्यातल्या एकाला मी पाच-नऊ म्हणलो; मांडवात नवरी त्याच्याहून उंच निघाली, तर लोक म्हणले, तिच्या चपलेला टाच असंल! एवढी इज्जत. मग माणूस शेफारणार नाय तर काय? शेफारलो. लई शेफारलो.

बस रे, तुला शिवायचीय त्या शेरवानीचंच सांगतो. माझी रीत काय — गिऱ्हाईक समोर उभं करायचं, डोळे बारीक करायचे अन् आकडे ओरडायचे: छाती अडतीस, बाही चोवीस! पडद्यामागं माझी बायको जाहेदा काज करत बसायची, ती वहीत लिहायची. कापताना ती वाचायची, मी कापायचो. एकतीस वर्षं — एक कपडा परत आला नाय. चार महिन्यांमागं ती गेली. त्यानंतर मी तीन शेरवान्या कापल्या. एकीचं बटण पोटावर लागंना, तर गिऱ्हाईक काय म्हणलं? 'माफ करा मास्टर, मीच सुटलो असंल.' माफी त्यानं मागितली — अन् मी केली पण माफ!

त्या रात्री घरी येऊन तिची जुनी वही उघडली. माझा आकडा न् आकडा खोडलेला, शेजारी तिचा. माझे अडतीस, तिचे एक्केचाळीस. पडद्याच्या फटीतून बघायची ती. नजर तिची होती, बेटा. अन् एकतीस वर्षं मला कळू दिलं नाय, माझी मान ताठ राहावी म्हणून. मी तिला म्हणायचो, जाहेदा, तू आपली काज कर, माप म्हणजे काय खेळ नाय. हसायची नुसती. लई आठवण येते तिची... थांब, जरा रडू दे. हं. झालं.

लग्न रविवारी ना तुझं? मग समोर सर्जेरावकडं जा, तो टेपनं मोजतो. माझी शेरवानी घालून हार घालायला वाकलास तर पाठीत उसवंल. अन् बाहेर बाकड्यावर चौघं बसलेत, त्यांना सांग, मास्टरला फुरसत नाय — नाय, नाय, थांब. सांग, इथली खरी मास्टर चार महिन्यांमागंच गेली. बघतो काय असा? माझ्या तोंडून नाय निघायचं ते. जा.