उत्तर न काढायची गणितं

तुम्हाला सांगते, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा वडलांना, आमच्या आबांना, माझा लई संशय. वहीत नुसत्या खुणा, आकडेमोड कुठंच नाही.

शेवटी म्हणाले, "माझ्यासमोर एक गणित सोडव, न्हाईतर परीक्षा बंद."

मी वाचलं, "बापाचं वय मुलीच्या तिप्पट, तर मुलगी किती वर्षांची?" आणि सांगितलं, "माहिती अपुरी."

"आन् उत्तर?"

"हेच उत्तर, आबा. ह्या प्रकारच्या गणितांत माहिती पुरते का, एवढंच सांगायचं असतं."

"मला येड्यात काढती व्हय?"

खरंखोटं बघायला परीक्षेच्या दिवशी आळेफाट्यावरून माझ्याबरोबर पुण्याला आले. पेपर सुटेपर्यंत फाटकापाशीच उभे.

मी बाहेर आले, तर मंचरच्या एका मुलाच्या वडलांशी कुजबुजत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांचं पोरगंबी उत्तर काढत न्हाई. समद्यांनी मिळून ठरवलंय हे!"